रत्नागिरीत खोली बघताय? मे महिन्याच्या भिंतीवर जाऊ नका

जूनच्या पहिल्या आठवड्यात सकाळी मारुती मंदिरच्या सर्कलला उभं राहिलं की घाटावरून आलेली पोरं ओळखू येतात. पाठीला सॅक, हातात नवी कोरी प्लास्टिकची बादली, बादलीत मग आणि झाडू, शेजारी रुमालाने मान पुसणारे वडील. संध्याकाळची परतीची गाडी पकडायच्या आत वडिलांना मुलाची खोली पक्की झालेली हवी असते. अकरा वर्षांपूर्वी माझे वडीलही तसेच उभे होते. आम्ही मिरजेचे. तासाभरात पहिलीच खोली पसंत केली. ताजा पिवळा रंग, पश्चिमेला मोठी खिडकी, भिंतीतलं प्लायचं कपाट. ऑगस्टमध्ये त्या कपाटातून दहावी-बारावीच्या गुणपत्रिका काढल्या, तर दोन्ही एकमेकींना चिकटलेल्या आणि वर हिरवी बुरशी. मालकीणबाईंना दाखवल्या तर त्या शांतपणे म्हणाल्या, "कोकणात पाऊस नाही येणार तर कुठं येणार हो?"

त्यानंतर याच शहरात मी आणखी चार खोल्या केल्या. खोली दाखवतात मेमध्ये आणि राहायचं असतं जुलैत, एवढं पक्कं लक्षात ठेवा. बाकी सगळं त्याच्याच पोटातून निघतं.

कुठल्या आळीत शोधायचं

२०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ७६ हजारांच्या आसपास होती, म्हणजे पुण्या-मुंबईच्या मानाने चिमूटभर. पण ती पसरलेली नाही. रामआळी, मारुती आळी, टिळक आळी, खालची आळी, गोखले नाका, धनजी नाका हा जुना भाग इतका दाट आहे की एका घरातला कुकर दुसऱ्या घरात मोजतात. जुन्या कौलारू घरांच्या माड्या, मागच्या पडव्या, अंगणात नंतर उठवलेल्या स्लॅबच्या खोल्या, सगळं भाड्याने जातं. वर मालक, खाली तीन खोल्यांत सात पोरं, हा इथला नेहमीचा हिशेब.

पोरं कशाला येतात? गोगटे-जोगळेकर महाविद्यालय, शासकीय तंत्रनिकेतन, मिरजोळे एमआयडीसीतलं फिनोलेक्सचं इंजिनिअरिंग कॉलेज, शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, आणि २०२३ पासून सरकारी मेडिकल कॉलेज. त्यात नर्सेस, बँकेत नव्याने लागलेले, जिल्हा परिषदेचे शिक्षक, कोर्टातले ज्युनिअर. या सगळ्यांना एकाच वेळी, म्हणजे जून-जुलैत, खोली लागते.

कॉलेज एमआयडीसीत किंवा शिरगावला असेल तर आधी एसटीच्या शहरी गाड्यांची वेळ बघा. त्या रहाटाघर स्टँडवरून सुटतात. साळवी स्टॉप, नाचणे रोड, कुवारबाव इकडे नव्या इमारती आहेत, हवा खेळती आहे, पण रात्री आठनंतर खिसा रिक्षाच्या हातात. बसायच्या आधी भाडं ठरवा. रेल्वे स्टेशन शहरात नाही, कुवारबावच्या पुढे आहे. "स्टेशनजवळ" अशी जाहिरात वाचून शहराच्या मध्यात राहायला मिळेल असं समजू नका. मांडवी, राजिवडा, मिरकरवाडा ही समुद्राच्या अंगाची वस्ती. संध्याकाळ तिथं फार सुंदर असते, पण सायकलची चेन, खिडकीचे गज आणि लॅपटॉपचे स्क्रू वर्षभरात गंजतात.

माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी जुन्या आळ्यांतच राहावं. खोली लहान मिळेल, पण डबा, झेरॉक्स, दवाखाना, वाणी सगळं चालत. १८२८ सालचं नगर वाचनालयही शहरातच आहे. पावसात पाच मिनिटांचं चालणं आणि पंधरा मिनिटांची गाडी यात काय फरक असतो, ते जुलैच्या पहिल्याच सोमवारी कळतं.

खोली बघताना

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून. म्हणजे त्या बाजूची भिंत चार महिने मार खात असते. खोलीत शिरल्यावर पहिल्यांदा सूर्य कुठे मावळतो ते विचारा. त्या बाजूला खिडकी असेल तर तिच्यावर पुढे आलेला छज्जा किंवा पत्रा आहे का बघा. नसेल तर झड आत येणार, आणि कॉट खिडकीपासून हात-दोन हात लांब ठेवावी लागणार. म्हणजे तितकी खोली तुमची नाहीच.

भिंत ताजी रंगवलेली असेल तर खूश होऊ नका, संशय घ्या. रंग भिंतीच्या वरच्या भागाला लावलेला असतो, पण खालच्या पट्टीवर, स्विचबोर्डाच्या कडेला आणि कपाटाच्या मागे जुनी खूण राहते. कपाटाचं दार उघडून नाक आत घाला. कुबट वास आला की बोलणं थांबवायला हरकत नाही. जुनी घरं जांभ्याची असतात. जांभा दगड उन्हाळ्यात गारवा देतो, पण पावसात पाणी ओढतो. गिलावा फुगलेला दिसला, हात लावल्यावर पीठ पडलं, तर ती भिंत जुलैत ओली असणार.

वरच्या मजल्याची खोली असेल तर गच्चीवर जा. गच्चीवर पत्र्याची शेड असेल तर निश्चिंत व्हा. घाटावरच्या माणसाला ती कुरूप वाटते, मलाही वाटली होती, पण स्लॅब गळू नये म्हणून कोकणात लोक तिच्यावर पैसे घालतात. उघडी गच्ची आणि खाली तुमची खोली, हा योग टाळा. नुसत्या पत्र्याखालची खोली स्वस्त मिळते. तिथं पावसाचा आवाज इतका असतो की फोनवर आईला "जेवलो" एवढंही सांगता येत नाही.

मग पाणी. नळाला पाणी किती वाजता येतं, किती वेळ येतं, टाकी कुणाची, पंप कोण लावतं, हे चार प्रश्न मालकाला नाही, आत्ता राहणाऱ्या भाडेकरूला विचारा. शहराला पाणी शीळच्या धरणातून येतं. एप्रिल-मेमध्ये साठा उतरला की पाणी रोज न येता आड दिवस येण्याची पाळी येते. आवारात विहीर असेल तर उत्तम, पण समुद्राजवळच्या विहिरीचं पाणी चाखून बघा. मचूळ पाण्याने भात शिजतो, चहा होत नाही.

संडास-बाथरूम सामाईक असेल तर किती माणसांत, ते मोजा. "चारपाच जण" म्हणजे जूनमध्ये आठ. सकाळी सात ते साडेआठ कोणाचं कॉलेज आहे हेही विचारून ठेवा. मैत्र्या टिकतात त्याने.

विजेबद्दल जरा थांबून बोलतो, कारण नवख्याचे पैसे इथं गळतात. बहुतेक घरांत महावितरणचा मीटर एकच असतो आणि खोल्यांना सबमीटर. घरगुती विजेचा दर टप्प्यांचा आहे: पहिली १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० महाग, त्यापुढे आणखी महाग. तुमच्या खोलीने महिन्यात ४० युनिट जाळली तरी तीन खोल्या आणि मालकाचा एसी एकाच मीटरवर असतील तर बिल वरच्या टप्प्यात जातं, आणि मालक सगळ्यांना तोच चढा दर लावतो. यात नेहमीच लबाडी असते असं नाही, त्यालाही तेच भरावं लागतं. पण "लाइटबिल वेगळं" एवढ्यावर हो म्हणू नका. युनिटमागे किती, हे आकड्यात विचारा आणि गेल्या पावसाळ्यातलं एक बिल बघायला मागा. स्वतंत्र मीटरची खोली मिळाली तर भाडं दोनशे रुपये जास्त असलं तरी घ्या.

करार

"नोटरी करून टाकू, अकरा महिन्यांचं तर आहे," असं दहांपैकी आठ मालक म्हणतील. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही ही समजूत फार जुनी आहे. केंद्राच्या १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, त्यावरून ती आली. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ आहे. लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवायची जबाबदारी मालकाची. त्याने ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून कामाची गोष्ट अशी की करार नोंदवलेला नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. हे मालकाला धमकी म्हणून सांगू नका. चहा पिताना सांगा. नोंदणीत त्याचंही हित आहे: मुदत संपल्यावर खोली सोडली नाही तर दुप्पट भाड्याने भरपाई मागता येते, हे त्याच कायद्याचं कलम २४.

खर्चाची भीती घालतात, ती पोकळ आहे. मुद्रांक शुल्क पूर्ण मुदतीचं भाडं आणि डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के. सहा हजार भाडं आणि वीस हजार डिपॉझिट धरा. अकरा महिन्यांचं भाडं ६६,०००, डिपॉझिटवरचं व्याज सुमारे १,८३३. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे १७० रुपयांच्या आसपास. वर नोंदणी फी आणि एजंटची मजुरी. चौघांत वाटलं तर माणशी एका, फार तर दोन थाळ्यांचे पैसे होतील. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून हे ऑनलाइन होतं, आधार आणि अंगठ्यावर. दुय्यम निबंधकाच्या दारात उभं राहायला लागत नाही. भाडेकरूची माहिती पोलिसांनाही द्यायची असते. तीही महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर भरता येते. मालक विसरला तर तुम्ही आठवण करा.

आता एक गोष्ट, जी घाटावरच्या कुठल्याच मार्गदर्शकात सापडणार नाही. इथल्या बऱ्याच घरांचे मालक मुंबईला असतात. घर काका बघतात, किंवा शेजारच्या काकू चावी ठेवतात. हे चाकरमानी गणपतीला येतात, शिमग्याला येतात, मे महिन्यात मुलाबाळांना घेऊन येतात. आणि मग फोन येतो: "आठ दिवस जरा मित्राकडे राहशील का? पाहुणे जास्त आहेत." भाडं मात्र पूर्ण महिन्याचं. माझ्या दुसऱ्या खोलीत हे दोनदा झालं. दुसऱ्यांदा मी परीक्षेच्या आदल्या रात्री मित्राच्या खोलीत जमिनीवर झोपलो, आणि माझ्या कॉटवर कुणाचा तरी जावई घोरत होता. म्हणून करारात एक ओळ घाला: सणासुदीला खोली रिकामी करायची नाही, किंवा करायची असेल तर तितक्या दिवसांचं भाडं वजा. ओळ घालताना मालक हसतात. हसू द्या.

डिपॉझिट किती दिवसांत परत, रंगाचे पैसे कापणार का, नोटीस किती दिवसांची, हेही त्याच कागदावर. पहिल्या दिवशी खोलीचा व्हिडिओ काढा. भिंती, खिडक्यांच्या काचा, नळ, सबमीटरचा आकडा. तो मालकाला लगेच व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणजे तारीख आपोआप पडते.

वरच्या मजल्यावरची माणसं

कागदावर नसतात अशाही अटी असतात. गेट दहाला बंद. मित्र चालतील, मुक्कामाला नाही. मुलींच्या खोल्यांना तर नऊची वेळ. नर्सिंगच्या मुलीची पाळी रात्री अकराला सुटते हे मालकिणीला समजावून सांगावं लागतं, आणि ते खोली घेण्याआधी सांगावं. काही ठिकाणी आडनाव विचारल्यावर खोली "कालच गेली" असते. हे होतं, आणि ते चुकीचं आहे. अशा दारात वेळ घालवू नका. त्याच आळीत चार घरं पुढे सरळ बोलणारी माणसं भेटतात.

मग मासे. "व्हेज-नॉनव्हेजचं काय?" असा प्रश्न पुरत नाही. अंडं चालतं पण मासे नाहीत, मासे चालतात पण सोमवार-गुरुवार-शनिवार नाही, ताजे चालतात पण सुकं भाजायचं नाही, अशा पायऱ्या असतात. खरी परीक्षा सुक्याची. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, मिरकरवाड्याच्या बंदरात बोटी नांगरलेल्या असतात. त्या दिवसांत खिशाला परवडतं ते सुकट, बोंबील, सोडे. बंद खिडक्यांच्या पावसात सुका बोंबील भाजला की वास तीन घरं फिरून येतो. माझ्या तिसऱ्या खोलीवरच्या काकूंनी त्यावर एक शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र माझ्या दाराशी उदबत्तीचा पुडा ठेवलेला होता.

स्वयंपाक करणार असाल तर गॅसचं नवीन कनेक्शन काढत बसू नका, ५ किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो. नाहीतर डबा लावा. महिन्याचे पैसे देण्याआधी दोन दिवस सुटा डबा खाऊन बघा, आणि "बांगडा किती वारी?" हे विचारा.

ओला-सुका कचरा वेगळा, घंटागाडी सकाळी. माशांचा कचरा आदल्या रात्री बाहेर ठेवला तर मांजरं तो आळीभर वाटतात, आणि सकाळी नाव नव्या भाडेकरूचंच निघतं.

शिमग्यात ग्रामदैवत श्री देव भैरीची पालखी निघते तेव्हा जुन्या शहरात रात्रभर ढोल असतात, गाडी बाहेर काढता येत नाही. त्या रात्री अभ्यासाचा आग्रह धरू नका. खाली उतरा आणि पालखीसोबत चाला. आळीतले लोक तुम्हाला नावाने हाक मारायला लागतात ते त्यानंतर.

पाऊस लागल्यावर

कागदपत्रं प्लास्टिकच्या फाइलमध्ये, फाइल झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. हसण्यासारखं वाटेल, पण माझ्या गुणपत्रिकांच्या दुसऱ्या प्रतींसाठी मला बोर्डाच्या कार्यालयात तीन खेपा पडल्या. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. कपड्यांत डांबराच्या गोळ्या टाका. दोरी खोलीच्या आत, पंख्याखाली बांधा. जीन्स दोनच आणा, ती चार दिवस वाळत नाही. मीठ-साखर घट्ट झाकणाच्या बरणीत, नाहीतर ऑगस्टमध्ये मीठ ओतायला लागतं.

बूट घालण्याआधी झटकायचे. जांभ्याच्या गडग्यांत, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतींत, दगडांच्या फटींत फुरसं नावाचा साप असतो. छोटा असतो, मातीच्या रंगाचा असतो, आणि विषारी असतो. चावल्याची नुसती शंका आली तरी मांत्रिक नाही, कापाकापी नाही, थेट जिल्हा रुग्णालय. पायाला जखम असताना गटाराच्या पाण्यातून चालू नका. पावसाळ्यात ताप आला तर दोन दिवस गोळ्या खाऊन वाट बघू नका. इथं लेप्टो होतो, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून येणारा ताप.

गाडी माडाखाली लावू नका. नारळ पडण्याची वेळ कुणी सांगत नाही. वादळी वाऱ्यात वीज जाते आणि कधीकधी बराच वेळ येत नाही. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते चक्रीवादळ समोरून गेलं तेव्हा आम्ही पोरं पॉवरबँक वाटून घेत होतो आणि शेजारच्या इन्व्हर्टरवर पाच फोन रांगेत होते. महावितरणची तक्रार १९१२ वर करा, पण बॅटरी आधीच चार्ज ठेवा.

खोली सोडताना

नोटीस व्हॉट्सॲपवर लिहून द्या, तोंडी नको. शेवटच्या दिवशी पहिल्या दिवसाचा व्हिडिओ उघडून मालकासमोर तीच चक्कर मारा. भिंतीवरचा पावसाचा डाग तुमच्या खात्यात लावायला बघतील, तेव्हा जुन्या व्हिडिओतली तीच खूण दाखवा. सबमीटरचा आकडा लिहा, उरलेलं बिल तिथंच भागवा, डिपॉझिट ऑनलाइन खात्यात आल्याचा मेसेज वाजल्यावर चावी द्या. आणि जूनमध्ये सोडत असाल तर मारुती मंदिरला बादली घेऊन उभ्या असलेल्या पोराला हाक मारून खोली दाखवा. पश्चिमेच्या भिंतीला कपाट लावू नको, एवढं सांगून टाका.